मधोमध मोडलेले जहाज



१७ जून २०१३. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांनी अरबी समुद्र खवळलेला होता. 'एमओएल कम्फर्ट' हे कंटेनर जहाज सिंगापूरहून जेद्दाकडे निघाले होते आणि येमेनच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० सागरी मैलांवर पोचले होते. लांबी ३१६ मीटर, रुंदी ४५.६ मीटर, वीस फुटी ८,११० कंटेनर मावतील एवढी क्षमता. मित्सुबिशी हेवी इंडस्ट्रीजच्या नागासाकीच्या कारखान्यात ते २००८ साली बांधून झाले, म्हणजे वय अवघे पाच वर्षांचे. त्या दिवशी जहाजाच्या मध्यभागी तळाला तडा गेला. पाणी आत शिरू लागले, तडा दोन्ही कुशींनी वर चढत गेला आणि जहाजाचे दोन तुकडे झाले.

दोन तुकडे झाले तरी ते लगेच बुडाले नाही. मोठ्या जहाजाचे होल्ड, म्हणजे माल ठेवायचे कप्पे, आडव्या पोलादी भिंतींनी एकमेकांपासून तोडलेले असतात. त्यामुळे पुढचा अर्धा भाग आणि मागचा अर्धा भाग, दोन्ही आपापले कंटेनर घेऊन वेगवेगळे तरंगत राहिले. जहाजावर सव्वीस माणसे होती, बहुतेक रशियन आणि फिलिपिनो. ती लाइफबोटीत आणि तराफ्यांत उतरली. मुंबईच्या सागरी बचाव समन्वय केंद्राने आसपासच्या जहाजांना तिकडे वळवले आणि 'यांतियान एक्स्प्रेस' या जर्मन जहाजाने सगळ्यांना उचलून कोलंबोला नेले. सव्वीसच्या सव्वीस वाचले. मागचा भाग दहा दिवसांनी, २७ जूनला, सुमारे चार हजार मीटर खोल पाण्यात गेला. पुढचा भाग टगांनी ओढत न्यायला घेतला होता. ६ जुलैला त्याच्यावरच्या कंटेनरांना आग लागली. आपल्या तटरक्षक दलाचे 'समुद्र प्रहरी' आग विझवायला धावले, पण ११ जुलैला तोही तळाला गेला. जहाजावर एकूण ४,३८२ कंटेनर होते. ते सगळे गेले.

शाळेत आम्हाला शिकवणाऱ्या सरांच्या नावाच्या या व्याख्यानमालेसाठी मी हा विषय निवडला, कारण या अपघातात दोष द्यायला सोपे असे काहीच सापडत नाही. जहाज खडकावर चढले नव्हते. त्याला कोणी धडक दिली नव्हती. ते जुने झाले नव्हते, गंजलेले नव्हते. बांधणाऱ्या कंपनीचे नाव मोठे, जहाजाची ताकद नियमांप्रमाणे आहे का ते तपासणारी वर्गीकरण संस्था जुनी आणि अनुभवी, कागदपत्रे चोख. लाटा साडेपाच मीटरच्या आसपास होत्या. पावसाळ्यात आपला नाखवा अशा समुद्रात होडी घालणार नाही हे खरे, पण तीनशे मीटरच्या जहाजाने दरवर्षी अशा लाटा पाहायच्याच असतात. तरीही ते मोडले. अनेक वर्षे जहाजांच्या पाहणीचे काम केल्यावर माझे असे ठाम मत झाले आहे की जहाजाची ताकद हा बऱ्याच लहानलहान सवलतींचा एकत्र हिशोब असतो. पोलादात थोडी, वजनात थोडी, लाटेच्या अंदाजात थोडी. प्रत्येक सवलत ज्याच्या हातात असते त्याला ती किरकोळच वाटते. त्या सगळ्यांची बेरीज करायची कोणी, हे मात्र ठरलेले नसते. आणि ज्यांचा जीव त्या बेरजेवर टांगलेला असतो, त्यांच्या हातात ती तपासायचे साधन नसते. आज हेच मांडायचे आहे.

जहाज पाण्यावर कसे वाकते ते आधी बघू. एवढ्या लांब जहाजाकडे इंजिनिअर एक मोठी तुळई म्हणून पाहतो. तुळईला वरून वजन आहे आणि खालून पाण्याचा आधार आहे, पण दोन्ही सगळीकडे सारखे नाहीत. कंटेनर जहाजाला वेग हवा असतो, म्हणून त्याची दोन्ही टोके निमुळती करतात. निमुळत्या टोकाखाली पाणी कमी दाबले जाते, म्हणजे आधार कमी. कंटेनर मात्र टोकांकडेही थरावर थर रचलेलेच असतात. मधला भाग फुगीर, तिथे आधार भरपूर. परिणाम असा की दोन्ही टोके खाली ओढली जातात आणि मध्य वर उचलला जातो. याला हॉगिंग म्हणतात. तेलवाहू जहाज कधी असे वाकते, कधी उलटे. कंटेनर जहाज बंदरातल्या शांत पाण्यातसुद्धा जवळजवळ कायम असेच वाकलेले असते. समुद्रात जहाजाच्या लांबीएवढी लाट आली आणि तिचा माथा नेमका मध्याखाली आला, तर हा बाक सर्वांत जास्त होतो. तेव्हा वरचा डेक ताणला जातो आणि तळ दाबला जातो.

ताण आणि दाब यांतला फरक सरांनी आम्हाला आठवीत दाखवला होता. प्लॅस्टिकची पट्टी घेऊन ते वर्गात येत आणि ती दोन्ही टोकांना धरून ओढायला सांगत. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या मुलालाही ती तुटत नसे. मग तीच पट्टी दोन तळव्यांत उभी धरून दाबायला सांगत. जरासा जोर लावला की ती एकदम बाजूला फुगायची. हळूहळू फुगायची असे नाही. एका क्षणापर्यंत सरळ, आणि पुढच्या क्षणाला वाकडी. ओढण्याने तुटायला मूळ पदार्थच कमजोर असावा लागतो. दाबाने असे वाकायला मात्र पातळ आणि लांब असणेच पुरते. याला बकलिंग म्हणतात. जहाजाच्या तळाची पोलादी प्लेट दोन-अडीच सेंटिमीटर जाड असली, तरी जहाजाच्या मापाने ती पातळच.

कंटेनर जहाजाची आणखी एक अडचण म्हणजे त्याला खऱ्या अर्थाने डेक नसतो. कंटेनर क्रेनने वरून सरळ होल्डमध्ये सोडायचे असतात, म्हणून वरचा जवळजवळ सगळा भाग उघडा ठेवावा लागतो. हॅचची झाकणे नुसती वर ठेवलेली असतात, जहाजाच्या ताकदीत त्यांचा वाटा नसतो. त्यामुळे वरचा सगळा ताण दोन्ही कडांच्या अरुंद पट्ट्यांनी सोसायचा असतो. जहाज मोठे होत गेले तशा या पट्ट्यांच्या प्लेटा ७०-८० मिलिमीटर जाड करायची वेळ आली. मग जपानी पोलाद कारखान्यांनी, जहाज बांधणाऱ्यांनी आणि वर्गीकरण संस्थेने मिळून नवे, जास्त ताकदीचे पोलाद तयार केले. ते चौरस मिलिमीटरमागे ४७ किलोपर्यंतचा ताण कायमचे न वाकता सोसते. २००७ साली कम्फर्टच्याच मालिकेतल्या 'एमओएल क्रिएशन' या जहाजात ते जगात पहिल्यांदा वापरले गेले.

इतक्या जाड प्लेटेत एकदा तडा धावू लागला तर थांबेल का, याची इंजिनिअरांना मोठी धास्ती होती. ती निराधार नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईघाईत वेल्डिंगने जोडून हजारो जहाजे बांधली आणि त्यांतल्या कित्येकांना थंडीत तडे गेले. १६ जानेवारी १९४३ रोजी 'शेनेक्टडी' हा नवा टँकर पोर्टलँडच्या धक्क्यावर, शांत पाण्यात उभ्याउभ्या जवळपास दुभंगला. त्या आठवणीमुळे नव्या जाड पोलादावर वर्षानुवर्षे प्रयोग झाले. तडा अडवणारे पोलाद कसे असावे, वेल्डिंगची जागा कुठे बदलावी, याचे नियम झाले. हे सगळे काम उत्तम होते. पण सगळ्यांच्या नजरा वरच्या कडांवर खिळल्या होत्या आणि जहाज मोडायला सुरुवात झाली तळापासून. माझ्या मते या कहाणीतली सर्वांत शिकण्यासारखी गोष्ट हीच आहे.

तळाकडे लक्ष कसे गेले ते सांगतो. तळाची मोडलेली कड दोन्ही तुकड्यांबरोबर चार हजार आणि तीन हजार मीटर खोल गेली होती, ती तपासायला मिळणे अशक्य. पण त्याच आराखड्याची भावंडे समुद्रात फिरत होती. ती गोदीत घेऊन तपासली. जहाजाला दोन तळ असतात, बाहेरचा आणि आतला, आणि दोहोंच्या मधल्या पोकळीत तोल सांभाळण्यासाठी बॅलास्टचे पाणी भरतात. या पोकळीत उतरणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. आधी टाकी रिकामी करायची, हवा खेळवायची, प्राणवायू मोजायचा, मग अंग जेमतेम मावेल अशा भोकातून आत जायचे. आत उभे राहता येतेच असे नाही. हाताला चिखल, गंजाचे पापुद्रे. तळाच्या प्लेटवर लांबीच्या दिशेने ठरावीक अंतराने पोलादी पट्ट्या जोडलेल्या असतात, त्यांना स्टिफनर म्हणतात. दोन स्टिफनरांच्या मधली प्लेट सपाट असायला हवी. टॉर्च समोरून मारला तर ती सपाटच दिसते. तो प्लेटला जवळजवळ टेकवून आडवा धरला की सावली पडते आणि उंचसखलपणा उठून दिसतो. मग सरळ पोलादी पट्टी ठेवून मधली फट मोजायची. भावंडांच्या तळाला, मध्यरेषेच्या जवळपास, असे उंचवटे आणि खळगे सापडले. काही २० मिलिमीटरपर्यंत होते.

२० मिलिमीटर म्हणजे बोटाच्या जाडीएवढे. तेवढ्याने जहाज बुडत नाही, चालतही राहते. पण प्लेट एकदा फुगली की तिच्या वाट्याचा दाब ती नीट उचलत नाही, तो शेजारच्या प्लेटवर जातो. पुढच्या मोठ्या लाटेला शेजारची फुगते. असे करत करत एके दिवशी सगळा तळ एकदम हार खातो. हे उंचवटे दिसत असतील, तर ते आधी कोणाच्या नजरेला का पडले नाहीत, हा प्रश्न मला आजही छळतो. पडलेही असतील. गोदीत तळ टेकल्यामुळे झाले, टगाने ढकलताना झाले, असे म्हणून सोडून दिले जाणे सहज शक्य आहे. तळाला लहानसहान खळगे असतातच, आणि पाहणी करणाऱ्याच्या हातात दिवस मोजकेच असतात.

जपान सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अंतरिम अहवाल डिसेंबर २०१३ मध्ये आणि अंतिम अहवाल मार्च २०१५ मध्ये आला. क्लासएनके या जपानी वर्गीकरण संस्थेनेही स्वतंत्र तपास केला. या अहवालांनी एक गोष्ट नीट दाखवली. तळाच्या प्लेटवर एकाच वेळी दोन दिशांनी दाब येत होता. एक जहाजाच्या लांबीच्या दिशेने, हॉगिंगमुळे. दुसरा आडवा, कारण समुद्राचे पाणी होल्डखालचा तळ खालून वर ढकलत असते आणि तो दोन भिंतींमध्ये वर उचलला जाऊन बाहेरची प्लेट रुंदीच्या दिशेनेही दाबली जाते. त्या काळच्या नियमांत या दोन्हींचा हिशोब वेगवेगळा व्हायचा. लांबीच्या दिशेचा हिशोब उत्तीर्ण, होल्डच्या तळाचा हिशोबही उत्तीर्ण. दोन्ही मिळून एकाच प्लेटवर काय करतात, हे त्या नियमांत नीट विचारलेलेच नव्हते.

तरीही समितीने एकच एक कारण देऊन फाइल मिटवली नाही, आणि त्याबद्दल मला तिचा आदर वाटतो. तिने सांगितले ते असे: पोलादाची ताकद सगळीकडे अगदी सारखी नसते, थोडी वरखाली असते. लाटांचा अंदाज वरखाली असतो. लाटेच्या धक्क्याने जहाजाला जी थरथर सुटते तिचा भार नक्की किती, यात अनिश्चितता असते. या सगळ्या गोष्टी एकाच वेळी वाईट बाजूला झुकल्या, तर जहाजावरचा भार त्याच्या ताकदीपेक्षा जास्त होऊ शकतो. 'होऊ शकतो' एवढेच. पुढे भावंडांच्या तळांना जास्तीचे पोलाद जोडून त्यांची ताकद वाढवण्यात आली.

आता थरथरीबद्दल. जहाजाचा पुढचा भाग वर रुंद होत गेलेला असतो, म्हणजे डेकवर जास्त कंटेनर बसतात. तो लाटेवर आदळला की हादरा बसतो आणि सगळे जहाज या टोकापासून त्या टोकापर्यंत काही वेळ वरखाली थरथरत राहते. लाटेमुळे आलेल्या बाकावर या थरथरीचा बाक आणखी चढतो. याला व्हिपिंग म्हणतात. हे इंजिनिअरांना ठाऊक नव्हते असे नाही. पण ताकद ठरवण्याच्या नियमांत त्याला स्वतंत्र जागा नव्हती. जुन्या जहाजांच्या अनुभवातून जी जास्तीची ताकद ठेवलेली होती, तिच्यात ते आपोआप भागते, असे धरले जाई. जहाजे लांब होत गेली तशी ही जास्तीची ताकद खरोखर किती उरली, हे कोणी पुन्हा मोजले नाही.

याचा इशारा कम्फर्टच्या सहा वर्षे आधीच मिळाला होता. १८ जानेवारी २००७ ला 'एमएससी नापोली' अँटवर्पहून पोर्तुगालच्या सिनेस बंदराकडे निघाले होते. इंग्लिश खाडीत वादळात त्याची चौकट इंजिनरूमजवळ मोडली. सव्वीस जण लाइफबोटीत उतरले आणि ब्रिटिश नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांना उचलले. जहाज डेव्हन परगण्यातल्या ब्रॅन्सकोम गावासमोर मुद्दाम किनाऱ्याला टेकवले गेले. तिथे वाहून आलेल्या कंटेनरांतून लोक नव्या मोटारसायकली ढकलत नेत होते, ती चित्रे अनेकांनी पाहिली असतील. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने केलेले काम मात्र त्या चित्रांइतके लोकांपर्यंत पोचले नाही. त्यांनी दाखवले की जहाजाच्या मध्यभागी आधाराच्या पट्ट्या लांबीच्या दिशेने होत्या आणि इंजिनरूममध्ये त्या आडव्या झाल्या होत्या. नेमक्या त्या सांध्याशी दाब सोसण्याची ताकद कमी पडत होती. नियमांनी त्या जागेचा हिशोब मागितलाच नव्हता, कारण नियमांचे लक्ष जहाजाच्या मध्यावर होते. इथेही पाहणारे एकीकडे पाहत होते आणि मोड झाली दुसरीकडे. व्हिपिंगचा वाटा होताच. त्यानंतर जगभरातल्या कंटेनर जहाजांचे आराखडे तपासले गेले आणि बारा जहाजांना दुरुस्तीची गरज असल्याचे आढळले. ती बारा जहाजे तोपर्यंत माल भरून समुद्रात धावत होती.

त्याच तपासात आणखी एक साधी गोष्ट केली गेली, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. डेकवरचे जे ६६० कंटेनर कोरडे राहिले होते, ते एकेक करून वजनकाट्यावर घातले. १३७ कंटेनरांचे वजन, म्हणजे पाचातल्या एकाचे, कागदावरच्या वजनापेक्षा तीन टनांहून अधिक वेगळे निघाले. एका कंटेनरात फरक २० टनांचा होता. सगळे मिळून कागदापेक्षा ३१२ टन जास्त. जहाज किती वाकले आहे ते कप्तान संगणकावर बघतो, पण संगणकाला वजने देतो माल पाठवणारा. ज्या कारकुनाने घाईत अंदाजे आकडा टाकला, त्याला आपण कोणाच्या जिवाशी खेळतो आहोत याची कल्पना नसणार. ३१२ टनांनी ते जहाज मोडले, असे तपास विभाग म्हणाला नाही आणि मीही म्हणत नाही. पण जहाजाच्या ताकदीतली शिल्लक आधीच झिजलेली असेल, तर तिच्यातून असे न विचारता काढलेले टन कोणत्या दिवशी भारी पडतील, ते कोणालाच सांगता येत नाही.

नियम बदलायला नापोलीनंतर नऊ वर्षे लागली. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या प्रत्येक कंटेनरचे खरे वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवता येत नाही. एकतर भरलेला कंटेनर काट्यावर घालायचा, नाहीतर आतला सगळा माल मोजून त्यात रिकाम्या कंटेनरचे वजन मिळवायचे. योगायोगाने त्याच तारखेपासून वर्गीकरण संस्थांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे नवे एकसमान नियम लागू झाले. ज्या जहाजांचा करार त्या दिवसानंतर होईल, त्यांच्या तळावरच्या दोन्ही दिशांच्या दाबांचा एकत्र हिशोब करावा लागतो. जहाजाची रुंदी ३२.२६ मीटरपेक्षा जास्त असेल, तर व्हिपिंगही धरावे लागते. ३२.२६ हा आकडा पनामा कालव्याच्या जुन्या दरवाजांच्या मापातून आलेला आहे. कित्येक वर्षे त्या दरवाजांनीच जहाजांची रुंदी बांधून ठेवली होती. १९८८ मध्ये पहिल्यांदा एका कंपनीने तो विचार सोडून रुंद कंटेनर जहाजे बांधली, आणि तिथून वाढीला कोणी थांबवले नाही.

ही वाढ केवढी, ते दोन आकड्यांत कळते. १९५६ च्या एप्रिलमध्ये माल्कम मॅकलीन यांचे 'आयडियल एक्स' नेवार्कहून ह्यूस्टनला निघाले तेव्हा त्यावर ५८ कंटेनर होते. २०२३ साली आलेल्या 'एमएससी इरिना'ची क्षमता वीस फुटी २४,३४६ कंटेनरांची आहे. लांबी जेमतेम चारशे मीटरच्या आत, रुंदी एकसष्ट मीटरच्या वर. मधल्या प्रत्येक टप्प्यावर नवे जहाज आदल्या जहाजाच्या अनुभवावर उभे होते आणि अनुभव पिकायच्या आत पुढचे जहाज बांधायला घेतलेले होते.

मला इथे सव्वाशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवते. १८ सप्टेंबर १९०१ ला ब्रिटिश नौदलाची 'कोब्रा' ही नवी, हलक्या बांधणीची, टर्बाइनवर चालणारी नौका उत्तर समुद्रात मोडली. बहुतेक माणसे गेली, बारा वाचली. नौदलाच्या न्यायालयाने नौकेच्या कमकुवत बांधणीकडे बोट दाखवले. मग नौदलाने 'वूल्फ' ही तशीच हलक्या बांधणीची दुसरी नौका सुक्या गोदीत आणली. कधी फक्त मध्याला आधार, कधी फक्त टोकांना आधार देऊन, गोदीतले पाणी हळूहळू उतरवत ती खरोखर वाकवली, आणि तिच्या अंगावरचा ताण जागोजागी मोजला. हे १९०३ मध्ये झाले. एक अख्खी लढाऊ नौका प्रयोगासाठी दिली आणि मोजमापे अभ्यासकांपुढे ठेवली. वेळ आणि पैसा दोन्ही गेले, पण त्यावर पुढच्या पिढ्या शिकल्या. आजच्या जहाजांवर ताण मोजणारी यंत्रे बसवता येतात, अनेकांवर ती बसवलेलीही आहेत. त्यांच्या नोंदी मात्र मालकाच्या आणि फार तर वर्गीकरण संस्थेच्या कपाटात राहतात. विमान कंपन्या अशा नोंदी कपाटात ठेवू लागल्या, तर आपण विमानात बसू का?

आता आपल्या किनाऱ्याकडे येतो. २०१० च्या ऑगस्टमध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' यांची टक्कर झाली. चित्रा कलंडले, कंटेनर समुद्रात पडून वाहत फिरले, तेल पसरले आणि बंदराची वाहतूक काही दिवस बंद ठेवावी लागली. २५ मे २०२५ ला 'एमएससी एल्सा ३' कोचीजवळ ६४० कंटेनरांसह कलंडून बुडाले आणि प्लॅस्टिकचे बारीक दाणे केरळच्या वाळूत मिसळले. ९ जूनला, ज्या दिवशी इरिना केरळमधल्या विझिंजम बंदराच्या धक्क्याला लागले, त्याच दिवशी केरळसमोर 'वान हाय ५०३' पेटले. यांतले एकही जहाज कम्फर्टसारखे मोडले नव्हते, त्यांची कारणे वेगळी आहेत. पण कंटेनर जहाज संकटात सापडले की आतल्या मालाचा धनी पहिल्यांदा किनारा होतो, हे आपल्याला आता पुरते ठाऊक झाले आहे. पालघर जिल्ह्यात वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ ला झाले. तिथे समुद्राची नैसर्गिक खोली २० मीटर आहे आणि २४ हजार कंटेनरांच्या क्षमतेची जहाजे यावीत असाच बेत आहे. बंदराच्या बाजूने आणि विरोधात बरेच बोलले गेले आहे. मच्छीमारांचे प्रश्न खरे आहेत, त्यांवर बोलण्याचा अधिकार त्यांचाच. मी माझ्या विषयापुरते बोलतो.

सभागृहात अशी कुटुंबे बसली असतील ज्यांचा मुलगा किंवा मुलगी जहाजावर आहे. रत्नागिरी-रायगडच्या गावांतून पिढ्यान्पिढ्या माणसे समुद्रावर गेली. ही मुले आई-वडिलांना फोनवर सांगतात की जहाज इतके मोठे आहे की हलतच नाही. त्यात तथ्य आहे, आणि धोकाही तिथेच आहे. लहान जहाजावर नाळ, म्हणजे पुढचे टोक, लाटेवर आदळली की ब्रिजवरच्या माणसाच्या पायांना कळते. तीनशे-चारशे मीटरच्या जहाजात नाळेचा धक्का ब्रिजपर्यंत येताना विरून जातो. समोर कंटेनरांची भिंत. अंगाला काही जाणवत नाही, म्हणून वेग कमी करायची बुद्धी होत नाही. वास्तविक व्हिपिंगवर कप्तानाच्या हातात असलेला उपाय तोच आहे: वेग कमी करा, लाटेशी कोन बदला. आंतरराष्ट्रीय कायद्याने कप्तानाला हा अधिकार स्पष्ट दिला आहे. सुरक्षेसाठी घेतलेल्या निर्णयात मालकाने किंवा जहाज भाड्याने घेणाऱ्याने आड येता कामा नये, असे त्यात लिहिले आहे. पण वेळापत्रक रोज ईमेलने येते आणि अंगाला न जाणवणाऱ्या धोक्यासाठी अर्धा दिवस उशीर करायला फार मोठे मन लागते. ज्याला ताणाचा आकडा समोर पडद्यावर दिसेल, त्याला तेवढे मन गोळा करावे लागणार नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. वाढवण आणि न्हावा-शेव्याच्या फाटकांवर कंटेनरांच्या वजनाची अचानक, न सांगता तपासणी व्हावी आणि कागदातला व काट्यावरचा फरक दर वर्षी छापला जावा. कोणाचा फरक किती, हे नावासकट नको असेल तर निदान एकूण किती, हे तरी कळावे. बॅलास्टच्या टाकीत उतरणाऱ्या कॅडेटला फक्त गंज आणि चिखल नोंदवायला न शिकवता, प्लेटची सपाटी बघायला आणि दर पाहणीत त्याच जागी ती मोजायला शिकवावे. कम्फर्टच्या भावंडांच्या तळांवर आधीपासून अशी नोंद असती, तर उंचवटे वाढत आहेत हे दिसले असते.

आणि तिसरी गोष्ट नोंदींची. १ जानेवारी २०२६ पासून समुद्रात कंटेनर पडले तर त्याची खबर देणे कप्तानावर बंधनकारक झाले आहे. म्हणजे माल गेल्याची नोंद आता सक्तीची आहे. जहाजाच्या अंगावर किती ताण आला, याची नोंद देण्याची सक्ती अजून नाही. बंदरात येणाऱ्या जहाजाची प्रमाणपत्रे आपले पाहणी अधिकारी तपासतात. त्या कागदांत ताणमापकांच्या नोंदी नसतात. त्या असाव्यात, ही मागणी करण्याची जागा फार लांब नाही. नौवहन महासंचालनालय मुंबईतच आहे, आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या परिषदेवर भारत निवडून गेलेला आहे, तिथे प्रस्ताव मांडता येतो. ज्या घरांतून माणसे समुद्रावर जातात त्या घरांनी, आणि खलाशांच्या संघटनांनी, ही मागणी लेखी पाठवावी. मसुदा करायला मी तयार आहे. ज्यांना त्यावर सही करायची असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर मला भेटावे.